मुलांना दुचाकीवर नेताना या चुका टाळा

साताऱ्यात शाळा भरण्याच्या वेळी पोवई नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले, तरी स्कूटरवर पुढे हँडल धरून उभी असलेली किंवा आईवडिलांच्या मध्ये बसवलेली मुले सहज दिसतात. हेल्मेट घातलेले असलेच, तर ते बहुधा चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते.

मूल माणसांत न मोजणे

माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती नेता येते, आणि तीही चालकाच्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या आसनावर. या कलमात मुलांसाठी वयाची सवलत नाही. म्हणून आई, वडील आणि मध्ये मूल ही कायद्याने ट्रिपल सीटच ठरते. तिच्यासाठी कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे. मुलाला टाकीवर बसवणे किंवा पुढे उभे करणेही याच कलमात बसत नाही. अचानक ब्रेक लागला की पुढचे मूल आधी हँडलवर आदळते आणि मागून मोठ्या माणसाचे सगळे वजन त्याच्यावर येते.

ओढणीने बांधणे

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना कोरेगावला जाताना मीही त्याला ओढणीनेच पाठीशी बांधत असे. तो पेंगला की गाठ सैल होई आणि तो एका बाजूला कलंडे. ओढणीचे टोक चाकाच्या किती जवळ लोंबत होते, हे आज आठवले तरी धस्स होते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला सेफ्टी हार्नेस घालणे बंधनकारक आहे. हा हार्नेस म्हणजे मुलाने घालायचे जॅकेट असून त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांत अडकतात, आणि ते ३० किलोपर्यंतचे वजन पेलणारे असावे लागते. पट्टे घसरत असतील, तर बहुतेक वेळा कारण साधे असते: थंडीत जाड स्वेटरवर जुळवलेले पट्टे उन्हाळ्यात तसेच राहिलेले असतात. कपडे बदलले की ते पुन्हा जुळवावेत.

मोठ्यांचे हेल्मेट मुलाला घालणे

चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह हवे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी डोक्याला बसणारे क्रॅश हेल्मेट किंवा ठरावीक मानकाचे सायकलचे हेल्मेट चालते. खरेदीपूर्वी भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. पट्टा लावल्यावर मुलाने मान हलवली आणि हेल्मेट फिरले, तर ते मोठे आहे. मूल ते सारखे काढत असेल, तर रागावण्याआधी कानाजवळ टोचते का, ते पाहावे.

वेग

चार वर्षांखालील मूल मागे असताना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ६० च्या वेगात गाडीची गतिज ऊर्जा ४० च्या तुलनेत सव्वादोन पट होते. पुणे-बेंगळूर महामार्गावर भरधाव वाहनांमध्ये ४० ने जाणेही सुरक्षित नसते, त्यामुळे सेवा रस्ता असेल तिथे तोच घ्यावा.

निघण्यापूर्वी मागच्या चाकाचा साडीगार्ड जागेवर आहे का, ते पाहावे आणि दप्तर मुलाच्या पाठीवर न ठेवता पुढे अडकवावे, कारण त्याचे ओझे मुलाला मागे ओढते.