येऊरच्या रानात फासकी शोधायला जाताना

फासकीला, म्हणजे जनावर अडकवायच्या तारेच्या फासाला, लागतं काय? दुचाकीची जुनी क्लच वायर, एक खुंटा आणि जनावरांची रुळलेली वाट. लावणाऱ्याच्या मनात ससा किंवा रानडुक्कर असतं. पण रानातली वाट सगळ्यांची एकच, त्यामुळे त्याच फासात भेकर सापडतं, चितळ सापडतं आणि कमरेला वायर आवळून बिबट्याही सापडतो.

आधी परवानगीचं बघा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय आत गेलात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा तुमच्यावरच. येऊरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात नावं आणि तारीख लिहून अर्ज द्या आणि वनरक्षक सोबत असेल तरच फेरी काढा. वनरक्षक लागतो तो नुसता वाट दाखवायला नाही. पंचनामा करण्याचा आणि मुद्देमाल ताब्यात घेण्याचा अधिकार त्याचा आहे, तुमचा नाही.

सहा ते आठ माणसं पुरतात. त्यात निदान दोघं पाड्यातली हवीत. पाटोणपाड्यातली असोत की जांभूळपाड्यातली, त्या बाजूचं रान रोज पायाखाली असलेली. हे दोघं नसतील तर फेरी रद्द केलेली बरी. शहरातल्या माणसाला फासकी दिसतच नाही. त्याची नजर एक तर झाडांवर असते, नाही तर मोबाइलवर. शिवाय फेरीत पाड्यातल्या माणसाचा दिवस मोडतो, म्हणून मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्यायची. ‘निसर्गासाठी थोडं फुकट’ हे ज्याच्या घरी पगार येतो त्यानंच म्हणावं.

सामान फार नको. जाड हातमोजे, पूर्ण बूट, माणशी दोन लिटर पाणी, मोजपट्टी, टॉर्च, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला फोन आणि केबल कटर. साध्या पकडीनं क्लच वायर सरळ तुटत नाही, पिंजारते, आणि तिचे तंतू हातात घुसतात.

चालताना एकमेकांत तीन ते पाच मीटर अंतर ठेवा. तासाभरात किलोमीटर झालं तर तुम्ही घाईत आहात. नजर घोट्यापासून मांडीपर्यंतच्या उंचीवर ठेवा. वायर शोधू नका, आधी कुंपण शोधा: करवंदीच्या किंवा बाभळीच्या फांद्या तोडून वाटेच्या दोन्ही बाजूंना आडव्या टाकलेल्या असतात आणि मधे एकच फट ठेवलेली असते. जनावर काट्यातून जात नाही, फटीतून जातं. वायर त्या फटीत. तोडलेल्या फांद्यांची पानं अजून हिरवी असतील तर काम दोन-तीन दिवसांतलं. वाळून तपकिरी झाली असतील तर जुनं. सकाळी उन्हाकडे तोंड करून चाललं की वायर चकाकते, पण त्यावरच विसंबू नका, कारण काही जण ती विस्तवावर धरून काळी करतात. एखाद्या रोपाच्या बुंध्याची साल गोल सोललेली आणि भोवतीची माती उकरलेली दिसली, तर तिथं जनावर अडकून ओढत होतं असं समजा.

पावसाळा संपून भात तयार होतो तेव्हा डुकरांसाठी शेताच्या कडेला फास लागतात. जानेवारीनंतर ते पाणवठ्यांकडे सरकतात. फेऱ्यांची जागाही त्याप्रमाणे बदलायची.

फासकी सापडली की आधी हात मागे. एक फोटो लांबून, भोवतीची झाडं येतील असा; एक जवळून, मोजपट्टी शेजारी धरून. मग जागेचे अक्षांश-रेखांश, फासाचा व्यास, खालची कड जमिनीपासून किती सेंटिमीटरवर, दुसरं टोक कशाला बांधलंय, हे सगळं नोंदवा. ती लगेच काढायची की लावणारा परत येईपर्यंत पाळत ठेवायची, हे वनखात्यानं ठरवायचं. काढायची ठरली तर खुंट्यापर्यंतची सगळी वायर काढा. नुसता फास सोडलात तर परवा तीच वायर पुन्हा लागते. कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फास लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं, म्हणून रिकामी फासकीसुद्धा पुरावाच आहे. आठवण म्हणून घरी आणायची नाही. एक सापडली की भोवतालचे पन्नास मीटर पुन्हा बघा, कारण त्या ओळीनं लावलेल्या असतात. जागेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. लावणाऱ्याच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्या ग्रुपवर असतंच.

जिवंत जनावर अडकलेलं दिसलं, तर वायर कापायची नाही. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. खुंट्याकडून वायर कापली की जनावर फास अंगावर घेऊनच पळतं, तो आवळत जातो आणि ते कुठं तरी जाळीत मरतं. शिवाय सुटलेला बिबट्या आधी तुमच्याच अंगावर येऊ शकतो. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि नेमकं सांगा: वायर मानेला, कमरेला की पायाला, खुंटा पक्का आहे का, ऊन थेट अंगावर आहे का, गाडी कुठपर्यंत येते. एकानं लांबून, आडोशानं नजर ठेवायची, बाकीच्यांनी वाट अडवून गर्दी थोपवायची. माणसं दिसली की जनावर धडपडतं आणि दर हिसक्यागणिक वायर आत रुतते. बेशुद्ध करून सोडवल्यावर वरून जखम दिसली नाही तरी पशुवैद्य त्याला काही दिवस नजरेखाली ठेवतात, कारण स्नायूंना आणि आतल्या अवयवांना झालेली इजा उशिरा कळते. ‘बरा दिसतोय, सोडा’ असा आग्रह धरू नका.

संशयास्पद गोळा पडलेला दिसला तर त्याला काठीसुद्धा लावू नका. तो डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो.

पाड्यात बोलायला जाल तर संध्याकाळी, कामं आटोपल्यावर जा. ‘फास कोण लावतं?’ हा प्रश्न विचारलात की त्या घरात पुढं चहा मिळेल, माहिती मिळणार नाही. डुक्कर कुठून उतरतं, कुणाचं भात गेलं, बकरी कुणाची नेली, हे विचारा. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला बसा. बिबट्यानं जनावर मारलं असेल तर पंचनाम्याआधी ते हलवायचं नाही, एवढं पक्कं सांगा. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांना नवी वायर सगळ्यांत आधी दिसते, पण बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्याशी वेगळं बोला. नाव सांगणाऱ्याचं नाव मात्र वहीत लिहायचं नाही, फोनमध्ये साठवायचं नाही.

आणि रानाचं मटण मागणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा घोडबंदर रोडच्या बाजूचंच असतं, हे आपल्या सोसायटीत सांगायला विसरू नका. ते विकत घेणं हाही गुन्हाच.

ज्या जागी फासकी काढली तिथं आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा. खुंट्याच्या खाचेत कोयत्याचा ताजा पांढरा वार दिसला, तर फासकी लावणारा परत येऊन गेलाय.