गाडीचं वायरिंग घरी करताय? या चुका टाळा

घरी जोडलेले फॉग लॅम्प पहिल्या दिवशी लागतातच. कस लागतो तो पुढे, इंजिनाच्या थरथरीत, पाण्यात आणि बॉनेटखालच्या उष्णतेत. तिथे वायर सहसा टिकते, दगा देतात ते जोड.

त्यातही अर्थिंगकडे, म्हणजे दिव्याची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याकडे, सगळ्यांचं दुर्लक्ष. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) पत्र्याच्या रंगावरच ठेवून स्क्रू आवळला जातो. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइटही लुकलुकतोय? मग बल्ब बदलत बसण्याआधी अर्थ तपासा. दिवा चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा दिव्याच्या अर्थ वायरला. 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोडात खोट आहे. मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी तपासणीतल्या (वायर सलग आहे का ते बघणाऱ्या) नुसत्या बीपवर जाऊ नका. वायरमधली एकच तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो. रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा.

दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं हा तर जोडच नव्हे. उष्णतेने टेपचा गोंद पाघळतो आणि ती सुटते. सोल्डर बरं, पण ते तारांमध्ये चढतं, वायर तेवढ्या भागात ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. माझं मत क्रिम्पिंगच्या, म्हणजे थिंबल वायरीवर दाबून बसवण्याच्या बाजूने, तेही योग्य मापाच्या थिंबलवर आणि क्रिम्पिंगच्याच पकडीने. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी. जोड ओढून बघा. हातात आला तर बरंच झालं, आत्ताच कळलं.

55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण 9 अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवरचे नंबर असे: बॅटरीकडून 30, दिव्यांकडे 87, स्विचचं काम 85 आणि 86 वर. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. 0.75 च्या बारीक वायरीत 4 मीटरमध्येच जवळजवळ 1 व्होल्ट जातो, आणि हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. मग लोक बल्बला नावं ठेवतात.

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. इथे 15 अँपिअरचा पुरे. तो उडाला म्हणून 30 चा टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्याऐवजी दिव्यांचे कपलर (वायरीचे प्लग) काढा, फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीत-वीत हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, तिथे वायर पत्र्याला लागतेय. बहुतेकदा ती जागा म्हणजे पत्र्यातलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग) न घातलेलं भोक. दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही.