झपाटलेल्या वाड्यातली सहल: असा चिनी भयपट कसा पाहावा

पर्यटकांचा घोळका एखाद्या झपाटलेल्या वाड्यात शिरतो, अशा कथेचा चिनी भयपट पाहायला बसण्यापूर्वी तो कुठे तयार झाला आहे, हे पाहून घ्यावे. चीनच्या मुख्य भूमीवर १ मार्च २०१७ पासून लागू असलेल्या चित्रपटविषयक कायद्याने अंधश्रद्धेचा प्रसार करणाऱ्या आशयाला मनाई केली आहे, त्याआधीच्या नियमांतही तशी तरतूद होती, आणि वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत तेथे नाही. त्यामुळे तिथल्या पडद्यावरचे भूत शेवटी बहुधा भास, स्वप्न, औषधाचा अंमल किंवा कुणाचा तरी कट ठरते. हाँगकाँगमध्ये १९८८ पासून चित्रपटांची श्रेणी ठरवली जाते आणि तिथली भुते पुष्कळदा खरीच असतात.

मुख्य भूमीवरचा चित्रपट असेल, तर तो भुताची गोष्ट आणि गुन्ह्याचा तपास अशा दोन्ही अंगांनी एकाच वेळी पाहावा. भूत दिसले की ते कोणाला दिसले, याची मनात नोंद करावी. एकालाच दिसत असेल, तर संशय त्याच्या मनःस्थितीवर घ्यावा. सगळ्यांना दिसत असेल, तर सर्वांनी मिळून काय खाल्ले-प्यायले आणि ते कोणी वाटले, हे आठवावे. सहलीची कल्पना कोणाची होती आणि त्या जागेशी कोणाचे जुने नाते आहे, हे सहसा पहिल्या वीस मिनिटांतल्या हलक्याफुलक्या संवादांत येऊन जाते, म्हणून तेवढा वेळ तरी मोबाइल बाजूला ठेवावा.

खुणांची थोडी ओळख असली, तर भीती अधिक रुजते. चिनी भाषेत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या शब्दांत केवळ सुराचा फरक आहे, म्हणून चौथा मजला किंवा चार क्रमांकाची खोली उगाच येत नाही. पांढरा रंग शोकाचा आणि लाल विवाहाचा. पण लाल वस्त्रांत मेलेली स्त्री सूड घ्यायला परतते, अशी समजूत असल्यामुळे रिकाम्या दालनातली नववधू पाहून तिथला प्रेक्षक आपल्याआधी दचकतो. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला मृतात्म्यांसाठी कागदी नोटा जाळतात; कथेतली सहल नेमकी त्या सुमारास निघाली असेल, तर तारीख मुद्दाम निवडलेली आहे, असे समजावे.

जागेची माहितीही वाचून ठेवावी. बीजिंगमधल्या छाओयांगमेन भागातल्या ८१ क्रमांकाच्या जुन्या वाड्याविषयी अशी आख्यायिका आहे की, १९४९ मध्ये पळून गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या मागे राहिलेल्या पत्नीने तिथे गळफास घेतला. त्या वाड्यावर बेतलेला थ्रीडी चित्रपट २०१४ च्या जुलैमध्ये आला आणि त्यानंतर खऱ्याखुऱ्या पर्यटकांचीच तिथे रीघ लागली.

सजावटीवर भरपूर खर्च केलेले हे चित्रपट अंधाऱ्या खोलीत, चांगल्या हेडफोनवर पाहावेत. शेवटच्या दहा मिनिटांत एखादे पात्र उभे राहून सगळा उलगडा करू लागले, की अनेक प्रेक्षक वैतागून उठतात. माझ्या मते तिथेच नेटाने बसावे आणि त्या खुलाशात कोणते दृश्य बसत नाही, ते शोधावे. काही दिग्दर्शक एखादी सावली किंवा बंद दारामागचा आवाज उलगड्याच्या बाहेर ठेवून देतात.