लसीमुळे इजा झाली तर सरकारी भरपाई कशी मागायची

घरात कुणाला लस घेतल्यावर खरंच गंभीर त्रास झाला, म्हणजे एकदोन दिवसांचा ताप नाही तर पायातली ताकद जाणं, हात वरच न होणं, ॲडमिट करायला लागणं असं काही, तर तेव्हा सगळं घर पेशंटच्या मागे असतं आणि ते बरोबरच आहे. पण एका माणसाने त्याच आठवड्यात कागदांचं काम अंगावर घ्या. मुदत टळली की आजार कितीही खरा असला तरी क्लेम उभाच राहत नाही.

आणि भरपाई मागणं म्हणजे लसीविरुद्ध बोलणं अजिबात नाही. लसीने सगळ्यांचं रक्षण होतं, त्यात फार थोड्यांना इजा होते, मग त्यांचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा, एवढी साधी गोष्ट आहे. जर्मनीत तर १९६१ पासून अशी भरपाई आहे. त्यामुळे संकोच करू नका.

पहिलं काम म्हणजे कुठली योजना लागू होते ते बघा, कारण एकाच देशात लसीप्रमाणे योजना बदलते. अमेरिकेत फ्लू, गोवर, धनुर्वात अशा नेहमीच्या लसींसाठी १९८६ च्या कायद्याने आलेला कार्यक्रम आहे, त्यात पहिलं लक्षण दिसल्यापासून ३ वर्षं मिळतात, मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून २ वर्षं, पण लक्षण सुरू झाल्यापासून ४ वर्षांच्या आत. कोविडच्या लसीचे क्लेम मात्र तिथे वेगळ्या योजनेत गेले आणि तिची मुदत फक्त १ वर्ष, तीही लस घेतल्याच्या दिवसापासून. नीट बघा, एकीकडे घड्याळ लक्षणापासून सुरू होतं, दुसरीकडे सुईपासून, आणि निदान कधी झालं याला दोन्हीकडे किंमत नाही. निदानालाच आठ महिने लागले तर हातात काय उरलं ते तुम्हीच मोजा! ब्रिटनमध्ये १९७९ चा कायदा आहे, तिथे लस घेतल्यापासून ६ वर्षं किंवा वयाची २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे नंतर येईल ते.

लोक इथे एक घोळ घालतात. डॉक्टरने साइड इफेक्टचा रिपोर्ट सरकारी सिस्टीमवर टाकला की आपला क्लेम गेला असं समजून बसतात. तो रिपोर्ट लसीच्या सुरक्षिततेवर नजर ठेवायला असतो, भरपाईचा अर्ज वेगळा आणि तो आपणच करायचा.

आता कागद. लसीचं कार्ड, त्यावर लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर आणि शक्यतो कुठल्या दंडात दिली तेही. मग लस घेण्याआधीच्या दोनतीन वर्षांचे मेडिकल रेकॉर्ड, कारण हा त्रास आधीपासून नव्हता हे दाखवायचं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा केस पेपरवर त्रास कधी सुरू झाला म्हणून लिहिलंय ते तिथेच वाचून घ्या. "काही दिवसांपासून खांदा दुखतो" आणि "लस घेतल्यावर दुसऱ्या दिवसापासून उजवा खांदा दुखतो" यात जमीनअस्मानाचा फरक आहे. अमेरिकेच्या कार्यक्रमात एक तक्ता आहे, त्यात इंजेक्शन चुकीच्या जागी बसून झालेली खांद्याची इजा ४८ तासांच्या आत सुरू झालेली लागते, फ्लूच्या लसीनंतरचा गियाँ बारे सिंड्रोम, म्हणजे नसांना इजा होऊन हातापायातली ताकद जाण्याचा आजार, ३ ते ४२ दिवसांत, ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी, ४ तासांत. तक्त्यात बसलात तर लसीनेच झालं असं धरलं जातं आणि ते खोडायचं काम सरकारचं, नाही बसलात तर कारण तुम्हालाच तज्ज्ञ डॉक्टरच्या मतासह सिद्ध करावं लागतं. कुणाची चूक होती हे दाखवायची गरज नसते, कारण मात्र दाखवावंच लागतं.

त्रास किती टिकला तेही बघतात. अमेरिकेत साधारण ६ महिन्यांच्या वर टिकलेला हवा, किंवा ॲडमिट होऊन ऑपरेशन झालेलं हवं. ब्रिटनमध्ये ६० टक्के अपंगत्वाची अट आहे, मग एकरकमी १,२०,००० पौंड, त्याखाली काहीच नाही. मला ही अट फार कठोर वाटते, ५० टक्के अपंगत्वात माणसाचं काम सुटू शकतं.

वकिलाचं म्हणाल तर अमेरिकेच्या मुख्य कार्यक्रमात जरूर घ्या, क्लेम प्रामाणिक आणि साधार असेल तर हरलात तरी वकिलाची वाजवी फी कार्यक्रमातूनच मिळते. तिथे उपचार आणि बुडालेली कमाई मिळते, वेदनेसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर. कोविडवाल्या योजनेत वकिलाची फी नाही आणि वेदनेचे पैसेही नाहीत.

नकार आला तर पत्र पूर्ण वाचा, मुदतीमुळे की पुराव्यामुळे की अपंगत्वाच्या टक्क्यामुळे ते बघा आणि नेमकं तेवढ्यावरच उत्तर द्या. ब्रिटनमध्ये आधी फेरविचार मागायचा आणि मग ट्रिब्युनलकडे जायचं. जिथे अशी योजनाच नाही तिथे कोर्टाचा रस्ता राहतो, पण तिथे बहुतेक वेळा कुणाची तरी चूक दाखवावी लागते, त्यामुळे फाइल याच पद्धतीने तयार ठेवा आणि ओरिजिनल कागद कुणालाही देऊ नका, कॉपीच द्या.