वार्षिक सर्वसाधारण सभेची मुदतवाढ: अर्ज केव्हा आणि कसा करावा

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपणाऱ्या कंपनीने आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेतली पाहिजे, हे बहुतेक संचालकांना ठाऊक असते; मात्र ती मुदत पाळणे शक्य नसेल तर काय करायचे, याचा विचार पुण्यात बहुधा गणेश विसर्जनानंतर सुरू होतो आणि तोवर हातात फारच थोडे दिवस उरलेले असतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ९६ नुसार विशेष कारण असेल तर कंपनी निबंधक (कंपन्यांची नोंदणी आणि विवरणपत्रे पाहणारे सरकारी अधिकारी) सभेची मुदत जास्तीत जास्त तीन महिन्यांनी वाढवू शकतात. ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मुदत उलटण्यापूर्वी मागणे हेच तिच्यातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे.

आपली मुदत नेमकी कधी संपते, हे आधी काढावे. कायद्यात दोन अटी एकत्र आहेत: आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिने, आणि मागील सभेपासून पंधरा महिन्यांहून अधिक नसलेले अंतर. यांपैकी जी तारीख आधी येईल ती खरी. गेल्या वर्षीची सभा १० जूनला झाली असेल, तर यंदाची मुदत १० सप्टेंबरलाच संपते. ३० सप्टेंबर धरून चालणारी कंपनी येथे वीस दिवसांनी चुकते. गेल्या वर्षी सभा लवकर उरकणाऱ्या कंपन्यांकडूनच ही गफलत होते, म्हणून जुने इतिवृत्त उघडून तारीख स्वतः पाहावी.

नव्या कंपनीची गोष्ट वेगळी आहे. तिला पहिल्या सभेसाठी पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने, म्हणजे सामान्यतः ३१ डिसेंबरपर्यंतचा वेळ मिळतो, पण या पहिल्या सभेला मुदतवाढ देण्याचा अधिकार निबंधकांना नाही. हिंजवडीत किंवा बाणेरला नुकत्याच स्थापन झालेल्या कंपन्यांच्या संस्थापकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. एकल व्यक्ती कंपनीला, म्हणजे एकच सभासद असलेल्या कंपनीला, मात्र वार्षिक सभेचे बंधनच नाही.

‘विशेष कारण’ कशाला म्हणायचे, याची यादी कायद्यात दिलेली नाही. निर्णय निबंधकांच्या विवेकावर सोपवलेला आहे. त्यामुळे अर्जाचे सारे बळ कारण आणि त्याचा पुरावा यांच्या जुळणीत असते. लेखापरीक्षकांचे निधन किंवा अचानक राजीनामा, तपास यंत्रणेने दप्तर जप्त करणे, आग वा पूर ही कारणे कंपनीच्या हाताबाहेरची असल्याने ती पटवून देता येतात. जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पुराचे पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत शिरले होते. अशा प्रसंगी एखाद्या कंपनीची व्हाउचर आणि संगणक पाण्याखाली गेले असतील, तर केवळ ‘पुरामुळे नुकसान झाले’ एवढे लिहून भागत नाही. पंचनाम्याची प्रत, छायाचित्रे, विमा कंपनीकडे केलेला दावा आणि कोणत्या महिन्यांच्या नोंदी पुन्हा उभ्या कराव्या लागत आहेत व त्याला किती आठवडे लागतील, हे सांगणारे लेखापरीक्षकांचे पत्र जोडावे. याउलट ‘हिशेबनीस नोकरी सोडून गेला’, ‘संचालक परदेशी आहेत’ किंवा ‘सीएंकडे कामाची गर्दी आहे’ ही कारणे दुबळी ठरतात, कारण ती दरवर्षीची आहेत आणि त्यांची तजवीज करणे व्यवस्थापनाचेच काम आहे.

अर्जाची सुरुवात संचालक मंडळाच्या बैठकीपासून होते. विलंबाचे कारण, हवा असलेला कालावधी आणि अर्जावर सही करणाऱ्या व्यक्तीला दिलेले अधिकार, हे तिन्ही ठरावात स्पष्टपणे यावे. त्यानंतर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर जीएनएल-१ हा निबंधकांकडे अर्ज करण्याचा फॉर्म डिजिटल स्वाक्षरीसह भरून ठरावाची प्रमाणित प्रत, सविस्तर अर्ज आणि पुरावे जोडायचे असतात. निबंधकांचे पुण्याचे कार्यालय आकुर्डी रेल्वे स्थानकाजवळ असले, तरी अर्ज पोर्टलवरूनच जातो. सविस्तर अर्जात मागील सभेची तारीख, मूळ मुदत आणि आजवर झालेले लेखापरीक्षणाचे काम अवश्य नमूद करावे. कालावधीही मोजून मागावा. सहा आठवड्यांत काम होणार असेल तर सरसकट तीन महिने मागितल्याने अर्जाची विश्वासार्हता कमी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज ऑगस्टअखेरपर्यंत जावा, असा माझा आग्रह असतो. निबंधकांनी त्रुटी काढून अर्ज पुन्हा सादर करायला सांगितला तर त्यासाठी वेळ लागतो, आणि अर्ज प्रलंबित आहे म्हणजे मुदत वाढली असे होत नाही. शिवाय सभेच्या सूचनेला पूर्ण एकवीस दिवस द्यावे लागतात. सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. ३० सप्टेंबरची सभा असेल तर ई-मेलने सूचना ८ सप्टेंबरपर्यंत गेली पाहिजे, आणि टपालाने पाठवायची असल्यास आणखी दोन दिवस आधी. म्हणजेच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सभेची सूचना पाठवायची की मुदतवाढ मागायची, यांपैकी एक मार्ग कंपनीला निवडावाच लागतो.

मुदतवाढ मिळाल्यावर एओसी-४ (वित्तीय विवरणांचा फॉर्म) साठीचे ३० दिवस आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म) साठीचे ६० दिवस सभेच्या प्रत्यक्ष तारखेपासून मोजले जातात. आयकराच्या तारखा मात्र या आदेशाने तसूभरही हलत नाहीत.

दोन गैरसमजांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. कोविडकाळात निबंधकांनी सरसकट मुदतवाढ दिली होती, २०२० मध्ये तीन महिन्यांची आणि २०२१ मध्ये दोन महिन्यांची, आणि तेव्हा स्वतंत्र अर्ज लागला नव्हता. ते त्या त्या वर्षापुरतेच होते. तसेच व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे सभा घेण्याची मुभा देणारी कंपनी व्यवहार मंत्रालयाची परिपत्रके निघाली की अनेकांना तीच मुदतवाढ वाटते. प्रत्यक्षात त्या परिपत्रकांमुळे सभेची मुदत वाढत नाही, असे त्यांतच स्पष्ट केलेले असते.

अर्ज फेटाळला गेला किंवा वेळेत केलाच नाही, तर कलम ९९ नुसार कंपनीला आणि कसूरदार अधिकाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कसूर चालू राहिल्यास प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपयांपर्यंत वाढीव दंड. कोणताही सभासद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन सभा बोलावण्याचा आदेशही मागू शकतो. अशा वेळी सभा शक्य तितक्या लवकर घ्यावी. ती झालेली नसली तरी वित्तीय विवरणे आणि वार्षिक विवरणपत्र, सभा का झाली नाही याच्या निवेदनासह, सभेच्या मूळ अखेरच्या तारखेपासून अनुक्रमे ३० आणि ६० दिवसांत दाखल करावी लागतात. त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर दररोज शंभर रुपये जादा शुल्क चढते. झालेल्या कसुरीसाठी कलम ४४१ खाली तडजोडीचा, म्हणजे ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करता येतो, आणि तो सभा पार पडल्यानंतर केल्यास कसुरीचे दिवस नेमके सांगता येतात.