मोरिझोसारखं पाणी रंगवायचं तर

फ्रेंच चित्रकार बेर्त मोरिझो (1841–1895) यांचं 'समर्स डे' हे 1879चं तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. पॅरिसच्या ब्वा द बुलोन उद्यानातलं तळं, नावेत दोन बायका, पाण्यात बदकं. आकार जेमतेम 46 बाय 75 सेंटिमीटर. पाण्याचे नागमोडी फटकारे बघून 'हे तर कुणीही खरडेल' असं वाटतं. करायला बसलं की पंधरा मिनिटांत कॅनव्हासवर चिखल होतो.

जागा घराजवळची घ्या. पॅरिसची सरकारी कलाशाळा, एकोल द बोझार, 1897पर्यंत बायकांना बंद होती. मोरिझो निसर्गचित्रकार कामी कोरोंच्या हाताखाली उघड्यावर शिकल्या आणि पुढे बाग, उद्यान, घरची माणसं हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवत राहिल्या. रोज दिसणारं तळं सकाळी आठला कसं असतं हे आधीच ठाऊक असेल, तर अर्धं काम झालेलं असतं. बसायचं काठावर, पाण्याला जितकं जवळ जमेल तितकं.

12 बाय 20 इंचाचा कॅनव्हास याच प्रमाणात बसतो. त्यावर जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. दुसऱ्या हातात अ‍ॅक्रिलिक रॉ अंबर या तपकिरी रंगाचे दोन-तीन थेंब मिसळा, म्हणजे पांढऱ्याचा चटका जाऊन उबदार करडा येतो. वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. ही तयारी टाळू नका. मोरिझोंच्या कितीतरी चित्रांत, विशेषतः कडांना, कॅनव्हास कोराच दिसतो. तुमचीही जमीन चित्रात दिसणार आहे.

रंग सातच: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन छटेचा लाल, अ‍ॅलिझरिन (गडद लाल), कोबाल्ट ब्लू, सेरुलियन (आकाशी निळा), व्हिरिडियन (निळसर हिरवा). काळा घरीच ठेवा. 'समर्स डे'मधल्या निळ्या कोटात सेरुलियन, कोबाल्ट आणि कृत्रिम अल्ट्रामरीन असे तीन निळे आहेत. आठवी ट्यूब खिशाला परवडत असेल तर अल्ट्रामरीन घ्या. जुन्या काळचा एमराल्ड ग्रीन आर्सेनिकचा, म्हणजे विषारी. त्याच्या नादी लागू नका.

टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या कोबाल्टने नाव, काठ आणि आकृत्यांची जागा पाच मिनिटांत मांडा. काठ वरच्या पट्टीत ठेवा, बाकी सगळं पाणी. मग काठाची हिरवळ आणि नावेचा गडद भाग. पाणी शेवटी.

पाण्यासाठी 8 नंबरचा चपटा हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश. पॅलेटवर तीन ढीग आधीच तयार करा: फिकट निळा, हिरवट करडा, जांभळट पांढरा. ब्रश भरा, मनगट सैल सोडून तीन-चार वळणांचा एक फटकारा मारा, उचला, फडक्याला पुसा. त्याच जागी परत जायचं नाही. चिखल इथेच होतो: ओल्या रंगावरून ब्रश दुसऱ्यांदा फिरला की खालचा रंग वर येतो आणि तिन्ही छटांची एकच राख होते. पुसायचा कंटाळा केला तरी तेच. झालाच चिखल, तर पॅलेट नाइफने खरवडून जेसो उघडा करा. वरून आणखी रंग थापून तो कधीच सुटत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळे फटकारे आडवे. पाणी मग फरशीसारखं दिसतं. नावेजवळ ते तिरपे आणि लांब, काठाकडे आखूड होत जायला हवेत.

पांढऱ्या कपड्याची सावली करडी करू नका. कोबाल्टमध्ये अ‍ॅलिझरिनचा ठिपका आणि भरपूर पांढरा.

दीड तासाने थांबा. तोवर ऊन सरकलेलं असतं, आणि नवी सावली जुन्या चित्रात घातली की उजेड दोन दिशांनी येतो. राहिलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला. वाळलेल्या थरावर रंग लावताना टर्पेंटाइन कमी आणि जवसाचं तेल थोडं जास्त, नाहीतर वरचा थर पुढे तडकतो. वार्निशची घाई नको: निदान सहा महिने थांबा, किंवा लावूच नका. इम्प्रेशनिस्टांपैकी, म्हणजे मोरिझोंसारख्या झपाट्याने उजेड टिपणाऱ्या चित्रकारांपैकी, बऱ्याच जणांना तो चकचकीतपणा मुळात आवडतच नसे.