नवा फोल्डिंग चाकू जाहीर झालाय? पारखताना या चुका टाळा

बाजारात यायचा असलेल्या चाकूबद्दल सुरुवातीला मोजकंच हाती लागतं: दोन-तीन फोटो, पोलादाचं नाव, पात्याची लांबी, वजन. चाकू प्रत्यक्षात कसा कापेल, हे यातलं काहीच सरळ सांगत नाही. पण नीट बघायची सवय असेल तर तेवढ्यातूनही पुष्कळ काढता येतं. चाकूंच्या नादी लागलेली माणसं नेमकी कुठे घसरतात, ते बघू.

पोलादाच्या नावावर भाळणं

'मॅग्नाकट' दिसलं की अर्धं मत तिथेच ठरतं. पोलाद उत्तमच आहे, त्यात वाद नाही. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी ते रचलं आणि २०२१ मध्ये ते आलं. त्यात गंज रोखणारं क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के आहे, पण जवळपास सगळं पोलादात विरघळलेलं राहतं, कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून बनलेल्या कठीण कणांत) अडकत नाही. डी२ या पोलादात १२ टक्के क्रोमियम असूनही घामट हातात ते डागाळतं, कारण त्यातला मोठा वाटा कार्बाइडनं गिळलेला असतो. म्हणून नुसती क्रोमियमची टक्केवारी वाचून 'हे स्टेनलेस, ते नाही' असं ठरवू नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हीट ट्रीटमेंट, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करणं. मॅग्नाकटची खरी गंमत ६२ ते ६४ एचआरसीच्या (कडकपणाच्या रॉकवेल मापाच्या) आसपास दिसते. तेच पोलाद ६० वर सोडलं तर बारीक धार लवकर वाकते, आणि मग पोलादाला नावं ठेवली जातात. त्यामुळे कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न: एचआरसी किती? उत्तर 'साधारण ५८ ते ६२' असं ऐसपैस आलं, तर त्यातून फारसं काही कळलेलं नाही, असंच धरा.

एम३९०, सीपीएम २०सीव्ही आणि सीटीएस २०४पी या पोलादांची घडण जवळपास सारखी आहे: सुमारे २० टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम. यांपैकी एकाच्या जागी दुसरं आलं म्हणून हळहळू नका. १४सी२८एन हे पोलाद स्वस्तात मिळतं म्हणून नाक मुरडणारेही खूप भेटतात. मला मात्र पातळ पात्यावर ते फार आवडतं. चिवट आहे, गंजाला दाद देत नाही, साध्या दगडावरही पटकन धार घेतं.

फोटोत डमास्कसची (थरांच्या पोलादाची) नक्षी दिसली तर धार कोणत्या पोलादाची आहे ते विचारा. स्वीडनच्या डॅमस्टीलसारखे मोजके उत्पादक घटक पोलादांची नावं उघड सांगतात. बाकी ठिकाणी 'डमास्कस' एवढाच शब्द असेल तर तो फक्त नक्षीबद्दल बोलतोय.

पात्याची जाडी न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोलाद धार किती टिकेल ते ठरवतं, पण पातं वस्तूत शिरेल की अडकेल, ते जाडी आणि उतार ठरवतात.

समजा पातं पाठीशी ३.५ मिमी जाड आहे. उतार थेट पाठीपासून सुरू होऊन २८ मिमी रुंदीभर धारेपर्यंत आला, तर पाचर अरुंद होते. तेच पातं अर्ध्यावरून, १४ मिमीपासून उतरवलं, तर पाचरेचा कोन जवळजवळ दुप्पट होतो. कागद कापताना दोन्ही चाकू सारखेच झकास चालतील. जाड पुठ्ठ्यात मात्र दुसरा मध्येच रुतून बसेल आणि मनगटाला जोर लावावा लागेल.

दुसरं माप म्हणजे धारेच्या लगेच मागची जाडी. कंपन्या हा आकडा सहसा देत नाहीत, पण फोटोतून अंदाज बांधता येतो. पात्याच्या कडेला धार लावल्याची जी चमकती पट्टी दिसते, तिची रुंदी बघा. एका बाजूला २० अंशांची धार आणि पट्टी १ मिमी रुंद असेल, तर धारेमागे सुमारे ०.७ मिमी जाडी आहे. हा चाकू धार असूनही बोथट वाटणार. पट्टी अर्ध्या मिमीची असेल तर जाडी साधारण ०.३५ मिमी, आणि असं पातं सुरेख शिरतं. पात्याची लांबी दिलेलीच असते, तेव्हा स्क्रीनवर मोजपट्टी धरून प्रमाण काढता येतं. फोटो मात्र अगदी समोरून काढलेला हवा, तिरका चालत नाही.

असाच फोटो खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि मुठीत धरून बघा. करंगळी मुठीवर मावते का, बोट धारेच्या टोकाशी किती जवळ येतं, खिशाला अडकवायच्या क्लिपचं टोक तळव्यात कुठे टेकतं, हे लगेच कळतं. वाटेल तितके व्हिडिओ बघितले तरी हे हाताला कळत नाही.

मुठीचं साहित्य आणि वजनाचा घोटाळा

टायटॅनियम म्हणजे हलकं, हा समज अर्धाच खरा. पोलादापेक्षा ते नक्कीच हलकं, घनता ४.४३ विरुद्ध सुमारे ७.८. पण अॅल्युमिनियम २.७, जी१० (काचतंतू आणि रेझिनचा पत्रा) १.९ च्या आत आणि कार्बन फायबर १.६ च्या आसपास. टायटॅनियमची मूठ आतून पोखरलेली नसेल तर ती जी१० च्या मुठीपेक्षा जड निघू शकते. उलट जी१० च्या आत पोलादाचे पूर्ण लायनर (आतल्या पट्ट्या) असतील तर तो फायदाही जातो. म्हणून मुठीचा आतला फोटो मागा.

कार्बन फायबर लिहिलं असेल तर ते अखंड आहे की जी१० वर पातळ थर चढवलाय, हे विचारा. दोन्ही चालतात, फक्त किंमत एकच नसावी. मिकार्टा (कापड आणि रेझिनचं साहित्य) तेल आणि घाम पिऊन काळपट होतं. तो दोष नाही, त्याचा स्वभाव आहे.

लॉककडे दुर्लक्ष

उघड-बंद होतानाचा खटका व्हिडिओत छान वाजतो, पण लॉक किती बसतं ते आवाजावरून कळत नाही. टायटॅनियमच्या फ्रेम लॉकमध्ये मुठीचाच एक भाग पात्यामागे सरकून ते अडवतो; त्यात पात्याला टेकणाऱ्या जागी पोलादाचा तुकडा बसवलाय का ते बघा. तो नसेल तर मऊ टायटॅनियम पात्याच्या पोलादाला चिकटून लॉक अडकू शकतं. बेंचमेड कंपनीच्या १९९८ मधल्या अॅक्सिस लॉकच्या धर्तीवरची आडव्या दांड्याची लॉक आता अनेक कंपन्या देतात. त्यांतल्या बारीक स्प्रिंगा तुटल्या तर सुट्या मिळतील का, हे आधीच विचारून ठेवा. डावखुऱ्यांनी क्लिप दोन्ही बाजूंना लागते का तेही तपासावं.

प्रोटोटाइपलाच अंतिम चाकू समजणं

अटलांटाच्या ब्लेड शोमध्ये किंवा लास वेगासच्या शॉट शोसारख्या प्रदर्शनात काचेआड ठेवलेला नमुना बहुतेक वेळा हातानं जुळवलेला असतो. उत्पादनात डिटेंट (मिटलेलं पातं धरून ठेवणारा भाग) बदलतो, क्लिप बदलते, कधी पोलादही. पोलाद बनवणाऱ्या क्रुसिबल कंपनीनं २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि एस३०व्हीपासून मॅग्नाकटपर्यंतच्या पोलादांचा पुरवठा एकदम प्रश्नात सापडला. आगाऊ पैसे भरताना पोलाद बदललं तर परतावा मिळेल का, हे लेखी घ्या.

चाकू हातात आल्यावर

पातं मिटल्यावर मध्यभागी नसेल तर लगेच उघडून बसू नका, वॉरंटीच्या अटी आधी वाचा. पिव्होट (पातं ज्याभोवती फिरतं तो स्क्रू) आणि मुठीचे स्क्रू किंचित सैल करून, पातं मधोमध धरून एकेक घट्ट केले की बहुतेकदा काम होतं. पातं बाजूला डुलत असेल तर पिव्होट जरासा आवळा आणि स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. वर-खाली हलत असेल तर पिव्होट आवळून उपयोग नाही. तो दोष लॉकच्या टेकण्याचा किंवा स्टॉप पिनचा (उघडलेलं पातं जिला टेकतं त्या खिळीचा) आहे, चाकू परत पाठवा. लॉक चिकटत असेल तर टेकणाऱ्या पृष्ठभागावर पेन्सिलीचं शिसं घासून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं सुटतं.

आणि नव्या पात्याच्या धारेचे बारीक तुकडे उडाले म्हणून पोलादाला दोष देण्याआधी दोनदा दगडावर लावून बघा. कारखान्यात धार लावताना काठ तापलेला असू शकतो. तेवढा भाग घासून गेला की खालचं पोलाद वेगळंच वागतं. तरीही तुकडे उडत राहिले, तर मात्र प्रश्न हीट ट्रीटमेंटचा आहे. तेव्हा फोटो आणि कापलेल्या वस्तूची माहिती जोडून कंपनीला लिहा.